दारोदार सांगितलेली मीटिंग

रविवारी संध्याकाळी पार्वतीबाईंनी ग्यानोबांची चाकाची खुर्ची ढकलत मागच्या गेटापर्यंत आणली, तर गेटाला साखळी आणि साखळीला जाडजूड कुलूप. वॉचमन म्हणाला, कमिटीचा निर्णय झालाय, हे गेट आता कायमचं बंद. पुढच्या गेटानं जा म्हणावं तर तिथं पायऱ्या, न् बाजूचा गाड्यांचा उतार खुर्ची घसरेल इतका खडा. दोघं जरा वेळ तिथंच थांबले. गजांमधून पलीकडचा रस्ता दिसत होता, रस्त्याच्या टोकाला चहाची टपरी आणि टपरीसमोरच्या बाकड्यावर बसलेली ओळखीची माणसं. त्यातल्या एकानं हात वर केला. ग्यानोबांनी डावा हात उचलला आणि खाली ठेवला. बाईंनी खुर्ची वळवली.

ग्यानोबा एसटीत ड्रायव्हर होते. लातूर-नांदेड रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्यांना पाठ. निवृत्तीनंतर वर्षभरातच अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मुलगी बुद्धप्रिया नांदेडला कॉलेजात शिकवते. तिनं लातूरला औसा रोडवरच्या पद्मावती अपार्टमेंटमध्ये आईवडिलांसाठी तळमजल्याचा फ्लॅट घेतला तो याच मागच्या गेटापायी, कारण तेवढीच एक वाट रस्त्याला सपाट लागलेली. टपरीवर जुने ड्रायव्हर-कंडक्टर जमत. घरात दिवसभर गप्प असणारा माणूस तिथं गेला की अडखळत का होईना, बोलायचा. पार्वतीबाई खुर्ची बाकड्याला लावून देत आणि बाजूला भाजी निवडत बसत.

पार्वतीबाई मूळच्या मुरुडच्या. अंगणवाडी सेविका म्हणून लागल्या आणि पर्यवेक्षिका होऊन निवृत्त झाल्या. भांडकुदळ नव्हत्या, पण विचारायचं ते विचारल्याशिवाय राहत नसत. दुसऱ्या दिवशी त्या सेक्रेटरी मन्मथअप्पांकडे गेल्या. अप्पांचं गंजगोलाईजवळ खताचं दुकान. सेक्रेटरीपण कुणी घेईना म्हणून गळ्यात पडलेलं. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं की दयानंद पवारांची मोटरसायकल मागच्या गेटातून चोरीला गेली, त्यांनीच विषय मांडला, आलेल्या सगळ्यांनी होकार दिला. नोटीस रीतसर काढली होती. लिफ्टमध्ये लावली होती, ग्रुपवर टाकली होती.

"अप्पा, आम्ही तळमजल्यावर राहतो," पार्वतीबाई म्हणाल्या. "लिफ्टमधी आमचं काय काम?"

अप्पांनी चहाचा कप पुढं सरकवला. मग म्हणाले, ग्रुपवर तुमच्या मुलीचा नंबर आहे की. फ्लॅट तिच्या नावावर, म्हणून तिचाच घेतला.

बाईंनी तिथूनच बुद्धप्रियाला फोन लावला. ती आधी गोंधळली, मग ओशाळली. सकाळ-संध्याकाळ फुलांचे फोटो न् सुविचार यायचे म्हणून तिनं तो ग्रुप कधीच बंद करून ठेवला होता. पण लगेच तिचा आवाज चढला. म्हणाली, आई, तू काही बोलू नकोस, मी उपनिबंधकाकडे अर्जच करते, त्यांनी मुद्दाम केलंय हे. बाईंनी तिला थोपवलं. मुद्दाम केलं असेल का, हा विचार त्यांच्याही मनात रात्रभर घोळलेला होता. पण समोर बसलेल्या अप्पांचा चेहरा पाहून त्यांना वाटलं, न्हाई, या माणसाला सुचलंच न्हाई. राग मात्र त्यानं कमी झाला नाही. आपण आहोत हेच कुणाला न सुचणं, त्यांना मुद्दाम केल्यापेक्षा फार वेगळं वाटेना.

"मीटिंग परत घ्या," त्या म्हणाल्या. "गेट उघडा म्हणत न्हाई मी. सगळ्याला सांगून घ्या. मग बंदच ठेवायचं ठरलं तर ठरलं."

अप्पांनी डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, मावशी, पुढच्या रविवारी घेऊ. पण प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगायचं कुणी? मला दुकान हाय.

"मी सांगते," बाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी ग्यानोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आजाचं काम... परत अंगावर घेतलीस?"

बाईंना ते लागलं. त्यांचा आजा मुरुडला येसकर होता. चावडीवर बैठक बसायची असली की गावभर हाळी देत फिरायचं ते त्यानं. कुणाच्या वाड्यासमोर किती लांब उभं राहायचं हेही ठरलेलं. सगळ्या गावाला बैठकीला बोलावून आजा स्वतः चावडीच्या पायरीखाली, उन्हात उभा. आत काय ठरलं ते त्याला शेवटी कळायचं, तेही पुन्हा हाळी द्यायची म्हणून. धर्मांतर झालं त्या वर्षी त्यानं ते काम सोडलं, आणि सोडल्याचं आयुष्यभर अभिमानानं सांगितलं.

"आजा सांगून बाहेर उभा राहायचा," त्या म्हणाल्या. "मी सांगणार अन् खुर्ची घेऊन मधी बसणार." दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या तेव्हा ग्यानोबांनीच मानेनं खुणावलं, चष्मा विसरलीस म्हणून.

अंगणवाडीच्या दिवसांत लहान लेकरांच्या आयांना गाठायला त्या घरोघर हिंडलेल्या. त्यामुळे कुठं दुपारी बेल वाजवायची नाही, कुठं सासूशी आधी बोलायचं, हे त्यांच्या अंगवळणी होतं. बहुतेकांनी नीट ऐकून घेतलं. एका बाईनं जाळीच्या दारामागूनच ऐकलं आणि बरं म्हणून आत निघून गेली. चौथ्या मजल्यावर गौरम्मा भेटल्या. निलंग्याकडच्या, मराठीत मध्येच कानडी मिसळणाऱ्या. मुलगा परराज्यात, फ्लॅट त्याच्या नावावर, आणि ग्रुपवर नंबरही त्याचाच. गौरम्मांना गेट बंद झाल्याचंही ठाऊक नव्हतं. त्यांनी बाईंना बसवून घेतलं, शेंगाची चटणी-भाकरी खायला लावली. म्हणाल्या, इथं राहायला आल्यापासून कशाला ये म्हणून सांगायला कुणी दारात आलं न्हाई.

सगळी दारं झाली. दयानंद पवारांच्या दाराला मात्र कुलूप. शेजाऱ्यानं सांगितलं, शिरूर अनंतपाळला गेलेत, आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. आणि हसून म्हणाला, चांगलंच झालं की मावशी, तोच एक आडवा येणार होता. अप्पांचंही म्हणणं तेच पडलं. नोटीस ग्रुपवर आहे, नियमात बसतं, तुम्ही काळजी करू नका.

नियमात बसतं, याच अर्थाचं बोलणं त्यांनी सोमवारीही ऐकलं होतं. पार्वतीबाई घरी आल्या, स्वयंपाक केला, ग्यानोबांना भरवलं. गेट उघडायचं असेल तर याहून सोपी वेळ येणार नव्हती. पवार नसतील तर मोठ्यानं विरोध करणारं कुणी उरत नव्हतं. ताट घासता घासता त्यांनी हात पुसले आणि अप्पांकडून नंबर घेऊन फोन लावला.

पवारांनी ग्रुप उघडलाच नव्हता. दवाखान्यात कुठं फोन बघत बसतो, म्हणाले. मग जरा तुटक आवाजात विचारलं, मी विरोधात हाय हे माहीत असून मला कशाला सांगता?

"तुम्हाला न सांगता ठरलं, तर माझ्यात अन् त्या दिवशीच्या मीटिंगमधी फरक काय ऱ्हाइला?" बाई म्हणाल्या. त्यांनी आईची विचारपूस केली. या रविवारी येणं जमत नाही म्हटल्यावर अप्पांना सांगून मीटिंग आठवडाभर पुढं ढकलली. आणि नव्या तारखेसाठी सगळी दारं पुन्हा वाजवली.

त्या आठवड्यात ग्यानोबा त्यांच्याशी बोलले नाहीत. खिडकीतून मागचा रस्ता दिसत नव्हता, पार्किंगची भिंत दिसायची. एकदा बाईंनी चहा पुढं केला तर त्यांनी तोंड फिरवलं. बाईंना वाटून गेलं, दुसऱ्याला न्याय द्यायच्या नादात आपण घरच्या माणसाला कोंडून ठेवलं की काय.

मीटिंग पार्किंगमध्ये भरली. एवढी माणसं आजवर कधी आली नव्हती, गच्चीवरून जास्तीच्या खुर्च्या आणाव्या लागल्या. ग्यानोबाही होते, गौरम्मा पदर सावरत कडेला बसल्या. पवार बसनं आलेले, दाढी वाढलेली. ते उभे राहिले आणि सरळ बोलले. वॉचमन पुढं बसतो, मागं लक्ष कुणाचं नसतं, माझी गाडी गेली, उद्या तुमची जाईल. त्यात खोटं काही नव्हतं, पार्वतीबाईंनाही ते पटलं. आपली पाळी आली तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की चोरी झाली हे खरं, पण आमच्या मालकाला बाहेर जायला दुसरी वाट नाही.

तासभर वाद झाला. कुणी म्हणे कॅमेरा लावा, कुणी म्हणे पुढं खुर्चीसाठी लांब उतार बांधा. पण पुढं जागाच अपुरी. शेवटी ठरलं की संध्याकाळी गेट उघडायचं, उघडेल त्यानं कुलूप लावायचं, आणि गाड्या मागं ठेवायच्या नाहीत. हात वर झाले. पवारांचा हात विरोधातच गेला. पण खाली बसण्याआधी ते अप्पांकडे बघून म्हणाले, "मला हे पटलेलं न्हाई. पण बाईनं मला बोलवून घेतलं. आता ठरलंय ते मी मोडणार न्हाई." आणि आईकडे परत जायचं म्हणून बस गाठायला निघाले. पार्वतीबाई त्यांच्यामागं गेटापर्यंत गेल्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला बसवायचं कसं, उठवायचं कसं, हे आपल्या अनुभवानं सांगत राहिल्या. ते मान हलवत ऐकत होते.

कडेला बसलेल्या गौरम्मांना वादाच्या गलक्यात नीट ऐकू आलं नव्हतं. जिन्याशी त्यांनी बाईंचा हात धरला आणि विचारलं, काय ठरलं गं शेवटी? बाईंनी पायरीवर बसून त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टपरीवरच्या म्हाताऱ्यांनी ग्यानोबांना जागा करून दिली. इतके दिवस कुठं होतात म्हणून विचारलं. ग्यानोबा सांगू लागले. शब्द लागत नव्हते, मध्येच थांबत होते, पण मीटिंग, खुर्च्या, पवार, सगळं त्यांना स्वतःलाच सांगायचं होतं. पार्वतीबाई पलीकडे मेथी निवडत बसल्या होत्या. एका ठिकाणी ग्यानोबा अडकले, त्यांनी बाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी अडलेला शब्द सांगितला.