आबांच्या डोक्यावरच्या आठ तारा

आबांना दवाखान्यातून धुळ्याच्या घरी आणलं तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. त्यामुळे भेटायला येणाऱ्यांचा गोंधळ व्हायचा. माणूस समोर उभं राहून "आबा, ओळखलं का?" असं विचारायचं, थोडी वाट बघायचं आणि मग माझ्याकडे वळायचं. मेंदूत रक्तस्राव होऊन अडीच महिने झाले होते. श्वास ते स्वतः घेत होते. नाकातल्या नळीतून पेज जात होती. कूस आम्ही बदलायचो.

आबा म्हणजे माझे वडील. पिंपळनेरच्या बाजूच्या खेड्यांत शाळामास्तर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. मी जळगावला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, तिथेच मेहरूण भागात एकटा राहतो. शनिवारी दुपारच्या एसटीने धुळ्याला जायचं, सोमवारी सकाळी परत यायचं. या काळात मला फार दुःख झालं असेल असं लोकांना वाटायचं. मला तसं काही होत नव्हतं. कुणी विचारलं की मी "स्थिर आहेत" म्हणायचो आणि हातातलं काम पुढे चालू करायचो. जेवण जायचं, झोप लागायची. कधीकधी वाटायचं, आपलं काहीतरी चुकतंय. पण तेही फार वाटायचं नाही.

एकदा मी डॉक्टरांना विचारलं, "त्यांना आमचं बोलणं समजतं का?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "ईईजीत मेंदूचं काम मंद दिसतंय, पण चालू आहे. समजतं की नाही, ते या कागदावरून कळणार नाही."

"मग कशावरून कळेल?"

तेव्हा त्यांनी सांगितलं, की मोठ्या शहरांत संशोधनासाठी एक चाचणी करतात. माणसाला कितीतरी परके शब्द ऐकवायचे आणि मधूनच एखादी ओळखीची हाक. मेंदूला ती वेगळी वाटली तर हाकेनंतर साधारण एक तृतीयांश सेकंदाने ईईजीच्या रेघेत एक उंचवटा येतो. इथे तशी सोय नव्हती. आबांना तेवढ्या लांब नेण्यासारखी स्थितीही नव्हती.

मी जळगावला आलो आणि ती चाचणी घरीच करता येईल अशा यंत्राचा बोर्ड काढायला बसलो. आशा होती म्हणून बसलो, असं आता म्हणता येईल. खरं म्हणजे ते काम मला येत होतं, एवढंच.

मेंदूतून कातडीपर्यंत येणारा विजेचा दाब इतका बारीक असतो, की भिंतीतल्या वायरिंगचा गुणगुणाटसुद्धा त्याला गिळून टाकतो. म्हणून आठ तारांसाठी डोक्याला चिकटवायच्या आठ छोट्या वाट्या, त्यांचा दाब मोजणारी एक चिप, आणि सगळं बॅटरीवर. घरच्या विजेशी कुठेही संबंध नको. कॉम्प्युटरवर बोर्डाचा नकाशा काढून मी फाइल बोर्ड करणाऱ्यांकडे पाठवली. हिरवे बोर्ड कुरिअरने आले तेव्हा कळलं, की चिपचे पाय मी खालून बघितल्यासारखे काढले होते. सगळे उलटे. दुसऱ्यांदा पाठवले. पाच बोर्ड वाया गेले, याचंही मला काही वाटलं नाही.

डोक्याला लावायच्या वाट्या विकतच्या महाग होत्या. सराफ बाजारात एका मारवाडी शेटजींचं दुकान आहे, त्यांच्या आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं घर. त्यांना मी मसुराच्या डाळीहून जरा मोठ्या, चांदीच्या दहा खोलगट टिकल्या करून मागितल्या.

"बाळाच्या वाळ्यांना लावायच्या का?" शेटजींनी विचारलं.

"नाही, डोक्याला. आधी मिठाच्या पाण्यात बॅटरी लावून काळ्या करायच्या आहेत. मग त्या नीट काम करतात."

"एवढी शुद्ध चांदी काळी करणार?"

मी वडिलांचं सांगितलं. त्यांनी दहाच्या ऐवजी बारा टिकल्या दिल्या. म्हणाले, एखादी हरवते.

पहिल्यांदा यंत्र मी स्वतःला लावलं. पडद्यावर पंखा आणि ट्यूबलाइटचाच गोंगाट होता. ते बंद केले, लॅपटॉपचा चार्जर काढला. मग डोळे मिटले, थोड्या वेळाने उघडले आणि नोंद मागे नेऊन बघितली. डोळे मिटलेल्या वेळेत सेकंदाला दहाएक लाटा, एकसारख्या, ओळीने. पुस्तकात असतात तशाच. वर्गात पोरांना दाखवताना मी अशा वेळी खूश होतो. तेव्हा फक्त वहीत 'चालते' असं लिहिलं.

ओळखीची हाक मायची, माझ्या आईची, घ्यायची होती. मायने आबांना आयुष्यात कधी नावाने हाक मारलेली नाही. तिची हाक म्हणजे "आयकतस का?", ऐकता का. मी मोबाइल समोर धरला. ती आधी लाजली, मग मोबाइलकडे पाठ करून, आबा मागच्या अंगणात असल्यासारखी तिने हाक मारली. परके शब्द मी माझ्या आवाजात घेतले. वाट्या बसवायची पट्टीही तिनेच शिवली, परकराच्या इलॅस्टिकची.

"त्यासले बठ्ठं समजस," पट्टी देताना ती म्हणाली, सगळं समजतं त्यांना. "मशीन कशाले जोयजे?"

"डॉक्टरांना दाखवायला," मी म्हणालो.

रविवारी सकाळी आबांच्या उशाशी बसलो. वाटी टेकवायच्या आधी केस बाजूला करून कातडी थोडी घासावी लागते, पेस्ट भरावी लागते. आबांच्या डोक्याला मी याआधी हात लावल्याचं मला आठवत नाही. आमच्यात ती पद्धतच नव्हती. डोकं गरम होतं, आणि उजव्या कानामागे एका जुन्या, लांब खोकेची खूण होती. ती कशाची, ते मला माहीत नव्हतं. मायला विचारलं. ती म्हणाली, पावसात शाळेचं कौल पडलं होतं. त्या वेळी तू तीन वर्षांचा होतास. मी आठही वाट्या लावल्या आणि यंत्र सुरू केलं.

असं चार रविवार केलं. पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्या रविवारी सगळ्या हाकांची सरासरी काढली तेव्हा मधल्या दोन तारांवर, बरोबर जागेवर, एक लहानसा उंचवटा दिसला. तिसऱ्या आणि चौथ्या रविवारी परत सपाट.

तुलना हवी म्हणून मी तेच सगळं स्वतःवर केलं. पंखा बंद ठेवून, डोळे उघडे ठेवून मायची हाक शंभरदा ऐकली. माझा उंचवटा मोठा होता, कुणालाही दिसेल असा. हाक माझ्यापर्यंत पोचत होती, हे कागदावर आलं होतं. ऐकताना मात्र मला काहीही झालं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला स्वतःची थोडी भीती वाटली.

डॉक्टरांनी कागद नीट बघितले. "यंत्र चांगलं केलंय तुम्ही," ते म्हणाले. "पण चारातला एक दिवस. यावरून मी हो म्हणणार नाही, नाहीही म्हणणार नाही."

"मायला काय सांगू?"

"त्या काय म्हणतात?"

"ती म्हणते, सगळं समजतं."

"मग त्यांना सांगायची काही गरज आहे का?"

मी घरी येऊन मायला खरं तेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मना डोकाले लाव." तिच्या डोक्याला लावलं. डोळे मिटायला सांगितलं, मग उघडून तिच्या लाटा तिला दाखवल्या. "इतलंच शे?" ती म्हणाली, एवढंच आहे का, आणि पट्टी काढून ठेवून आबांची नळी धुवायला गेली.

त्यानंतर मी यंत्र नेलं नाही. रविवारी आबांचं डोकं मात्र मीच धुवायला लागलो. मानेखाली प्लॅस्टिकचा कागद, माय तांब्याने पाणी घालायची, मी केस चोळायचो. पेस्ट केव्हाच निघून गेली होती. तरी करत राहिलो. त्या वेळी आम्ही दोघं आबांशी बोलायचो. मी बसचं, वर्गाचं, मेहरूणच्या तलावावर किती गर्दी असते याचं सांगायचो. आधी ते विचित्र वाटलं, मग वाटेनासं झालं.

उन्हाळा लागताना आबांना न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत ते गेले. सगळं रीतसर झालं. मला रडू आलं नाही. माझ्या वाटचं चुलतभाऊच रडले. दहाव्याला न्हाव्याने माझे केस काढले, तेव्हा त्याची बोटं कानामागे लागली आणि मी त्याचा हात तिथेच धरून ठेवला. न्हावी थांबला. "वस्तरा लागला का, भाऊ?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. मी हात सोडल्यावर त्याने वस्तरा पुसला. मग त्याने उरलेलं डोकं केलं.

यंत्र आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहे. तिसऱ्या वर्षाची मुलं त्यावर एकमेकांच्या लाटा बघतात. बोर्डाचा नकाशा मी सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, चिपचे पाय सरळ करून. माय धुळ्यातच राहते. मी अजून शनिवारी जातो.