काठावरची क्रीम

भंडाऱ्यात एका मुलीनं केकचं नवं दुकान टाकलं, ही बातमी आमच्या घरी बायकोच्या मोबाइलवरून आली. तोवर आमचा केक म्हणजे बेकरीतला, टोस्ट आणि खारीच्या शेजारी बसलेला, वर गुलाबी फूल लावलेला. ही मुलगी मात्र नागपुरात शिकून आलेली, सगळं स्वतःच्या हातानं करणारी. शनिवारी आमची लेक बंगलोरहून येणार होती. दिवाळीला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून आता, गेल्या होळीनंतर पहिल्यांदाच, आणि तेही दोनच दिवस. तेव्हा घरात केक पाहिजे तर तिच्या आवडीचाच, यावर आमचं कधी नव्हे ते एकमत झालं. आमच्या वरठीहून मोटारसायकल काढली आणि भंडारा गाठलं.

एकमत दुकानाच्या पायरीपर्यंत टिकलं.

"तिले पाइनॅपल आवडते," बायको म्हणाली.

"चॉकलेट," मी म्हणालो. लेकीची आवड बापालाच ठाऊक असते, हा माझा जुना समज.

"तुमाले तं तिची शाळेची तुकडीसुद्धा कधी माहीत नव्हती जी!"

दुकानवाली मुलगी हसली. "काका-काकू, भांडू नका. आधी चाखून तर पाहा."

तिनं बशीत बोटभर तुकडे मांडले. सीताफळाचा, कॉफीचा, संत्र्याचा. लग्नाच्या पंगतीत वरणाला नावं ठेवायलाच आलेल्या पाहुण्याच्या गांभीर्यानं मी एकेक खाऊ लागलो. खाता खाता पाहिलं तर मुलीचा चेहरा पडलेला.

"क्रीम बिघडली का काका? आज सकाळीच केली होती."

मी बशीकडे पाहिलं. तिन्ही तुकड्यांची क्रीम खरवडून मी काठाला नीट गोळा करून ठेवली होती.

आमच्या घरची वाटणीच तशी. लेकीला दात आले तेव्हापासून क्रीम तिची, खालचा स्पंज माझा. वाढदिवस कोणाचाही असो, लेक माझ्या बशीजवळ चमचा घेऊन हजर. कॉलेजात गेली तरी तेच. लोकांना मी ऐटीत सांगायचो, मला क्रीम आवडत नाही. इतक्यांदा सांगितलं की पुढे मलाच ते खरं वाटू लागलं.

"अवो, कोनासाठी ठेवून राहिले?" बायकोनं हळूच विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दुकानवालीचं मन राखायला मी काठावरची सीताफळाची क्रीम तोंडात टाकली. पन्नाशी उलटलेल्या माणसानं भर दुकानात डोळे मिटू नयेत, पण मिटले. इतकी वर्षं आपण काय सोडत होतो, ते तेव्हा कळलं. आधी कळलं असतं तरी सोडलीच असती म्हणा. फक्त जरा मिरवून सोडली असती.

शेवटी बायकोनं लेकीलाच फोन लावला, मलाही ऐकू येईल असा.

"तुले कोनता केक आवडते गं?"

"कोणताही चालेल आई. फक्त क्रीम नको. मला आता जड होते ती. इकडे मी नुसता स्पंजच खाते."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष. आई, मीटिंग आहे, ठेवते."

आम्ही दोघं काचेतल्या केककडे पाहत राहिलो. लेक येणार होती, तिकीट पक्कं होतं, तक्रारीला जागाच नव्हती. पण ज्या पोरीसाठी मी गाडी हाकत आलो होतो, ती काही शनिवारच्या गाडीतून उतरणार नव्हती.

"मग काका, कोणता करू?"

"सीताफळाचा कर. अर्ध्यावर क्रीम, अर्धा कोरडा."

"असा कोणी करत नाही काका. विचित्र दिसेल."

"दिसू दे बाई. खाणारेही कुठं मोठे सरळ आहेत!"

परतताना बायको मागून म्हणाली, "केक मांडसान तवा क्रीमवाली बाजू तिच्याकडे करून ठेवजा."

"आन् तिनं नाही खाल्ली तं?"

"तिच्याकडेच ठेवजा."