वत्सलाबाईंचा अंगठा

सरकारने आम्हाला पोस्टर पाठवलं होतं. हातमोजे पाठवले नव्हते.

पोस्टरवर कवटी होती. ते व्हरांड्यात चिकटवलं आणि एड्सविरुद्धचं आमचं काम संपलं.

पोशीरच्या आमच्या वत्सलाबाई आज सकाळी वारल्या.

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका सरकारी दवाखान्यात त्या आया होत्या, मी ऑफिसात क्लार्क. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. जमलं तर लाजही वाटू दे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. शिळफाट्याच्या एका ट्रक ड्रायव्हरला आमच्याकडे आणलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्याने हातात एक कागद देऊन त्याला परत पाठवलं होतं.

तो कागद वाचल्यापासून त्याच्या खोलीत कोणी पाऊल टाकेना. गोळ्यासुद्धा दारातून ठेवल्या जायच्या. आत जायच्या त्या फक्त वत्सलाबाई. पेज भरवायच्या, चादर बदलायच्या.

काही दिवसांनी तो गेला.

त्याची बायको म्हणाली, "आंघोळ तरी घालू द्या. असाच कसा नेऊ?"

डॉक्टर म्हणाले, "प्लास्टिकमध्ये बांधायचा. उघडायचा नाही. वरून ऑर्डर आहे."

तशी ऑर्डर नव्हती!

सर्क्युलर इंग्रजीत होतं आणि ते शेवटपर्यंत वाचलेली दवाखान्यात मी एकटी. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तेवढं तरी शिकवलं होतं. हातमोजे घाला, ब्लीचिंग पावडर वापरा, एवढंच त्यात होतं. मयताला आंघोळ घालू नका, असं कुठेही नव्हतं.

मी ते सर्क्युलर फाइलला लावून टाकलं. साहेबांची चूक चारचौघांत कोण काढणार?

वत्सलाबाईंनी हातांना प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने बांधल्या आणि बादली उचलली.

"अगं, भीती नाही वाटत तुला?" डॉक्टर ओरडले.

"जिता व्हता तवा कुनाला चावला नाय, सायेब. आता काय चावंल?"

बायकोने पाणी ओतलं, वत्सलाबाईंनी अंग धुतलं. एरवी वत्सलाबाईंच्या हातचं पाणीही न पिणारे त्याचे भाऊबंद तोवर कुंपणाबाहेर उभे होते.

दुसऱ्या दिवशी मेमो निघाला. आदेश मोडून मृतदेहाला हात का लावला? तीन दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू.

तो मीच टाइप केला.

वत्सलाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. नवरा नव्हता. पदरात दोन मुली, दोघी शाळेत. त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"बाई, तुमी लिवा. मी सांगते."

"सांगा."

"मानूस मेला व्हता. त्याची बायको रडत व्हती. मी आंघोळ घातली. उद्या दुसरा मेला तरी घालीन."

"शेवटचं वाक्य नको."

"का? खोटं हाय का?"

"नोकरी जाईल, वत्सलाबाई."

"मंग जाऊ दे. तुमी लिवा."

मी लिहिलं.

माझ्या हातून चूक झाली. क्षमा असावी. पुन्हा असे होणार नाही.

"वाचून दाखवू?" मी विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

"तुमी लिवलंय ना? मंग काय वाचायचं!"

आणि अंगठा उठवला.

नोकरी टिकली. मी फार शहाणपणा केला, असं मला वाटत होतं.

पावसाळा संपल्यावर दुसरा पेशंट आला. खोपोलीच्या कारखान्यातला तरुण मुलगा. सोबत फक्त म्हातारी आई. तोही गेला.

वत्सलाबाई बादली घेऊन निघाल्या.

डॉक्टरांनी फाइल मागवली आणि तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. "हा तुझाच अंगठा ना? पुन्हा होणार नाही, असं लिहून दिलंयस."

वत्सलाबाई माझ्याकडे वळल्या.

"बाई, मी असं सांगितलं व्हतं?"

मी टाइपरायटरमध्ये कागद घालत राहिले. तो सरळच जाईना.

"म्हणजे? क्लार्कबाईंनी खोटं लिहिलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

एक शब्द पुरला असता. माझी नोकरी गेली असती.

वत्सलाबाईंनी बादली खाली ठेवली.

"नाय सायेब. माजाच अंगठा हाय."

तो मुलगा प्लास्टिकमध्ये बांधूनच गेला. आई वरूनच हात फिरवत होती. प्लास्टिकचा आवाज होत होता.

पुढे काही वर्षांनी हातमोजे आले. शिबिरं आली. पाहुण्यांनी समई लावली, माणुसकीवर भाषणं ठोकली. डॉक्टरांना शाल मिळाली. खुर्च्या मांडल्या वत्सलाबाईंनी.

मला त्यांनी कधीच काही विचारलं नाही. कर्जतच्या बाजारात भेटल्या की म्हणायच्या, "बऱ्या हाव ना, बाई?"

मी म्हणायची, "हो."

एवढ्या वर्षांत मला यापुढचं एक वाक्य बोलता आलं नाही. इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही.

त्यांच्या दोन्ही मुलीही हे वाचतील. पोरींनो, तुमच्या आईने माफी मागून नोकरी टिकवली, असं तुम्ही दवाखान्यातल्या लोकांकडून ऐकलं असेल. ते खोटं आहे. तिने मागितली नाही. ती मी लिहिली, तिला न सांगता.

हे तिच्या तोंडावर सांगायला हवं होतं.

वत्सलाबाई, जय भीम. या आता.