दोरी ओढणारा

गल्लीच्या टोकाला, रस्ता संपून लाकडाच्या वखारीची भिंत सुरू होते तिथे, दोन भावांचं कातकामाचं, लाकूड गोल तासायचं, दुकान होतं. एकाच खोलीचं. आत पाऊल टाकलं की पाय भुशात रुतायचा. डोळे अंधाराला सरावले की समोरासमोर बसलेली दोन माणसं दिसायची, आणि त्यांच्यामध्ये फिरणारं लाकूड. धाकटा पटाशी धरायचा. थोरला दोरी ओढायचा.

असा लेथ आता फारसा कुठे राहिला नाही, म्हणून सांगतो. जमिनीत दोन दणकट खुंट, त्यांच्यामध्ये लोखंडी टोकांवर आडवं धरलेलं लाकूड, लाकडाला दोरीचे दोन वेढे, आणि दोरीची दोन्ही टोकं थोरल्याच्या दोन मुठींत. उजवी मूठ ओढली की लाकूड पटाशीच्या अंगावर यायचं, डावी ओढली की माघारी फिरायचं. येतं लाकूड कापायचं आणि माघारी फिरताना पटाशी केसभर उचलायची, नाहीतर धार मरते. ओढली की काप, सोडली की उचल. बापाच्या हाताखाली मिसरूड फुटायच्या आधीपासून दोघांच्या अंगात हा ताल भिनला होता. याच तालावर त्यांनी पलंगांचे पाय कातले, खुर्च्यांचे पाय कातले, जिन्यांच्या कठड्यांचे दांडे कातले.

आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

आई धाकट्याच्या घरी असताना गेली. थोरल्याला निरोप उशिरा पोचला. तो आला तेव्हा तिचा चेहरा झाकलेला होता. उंबऱ्यातच तो म्हणाला, "मुद्दाम कळवलं नाहीस." धाकट्याने नुसतं वर पाहिलं. उत्तर त्याने त्या दिवशी दिलं नाही आणि नंतरही दिलं नाही, आणि त्यासोबत बाकीचं बोलणंही सोडलं. थोरला कशाला मागे राहतोय. एकाच आईची लेकरं, एक हट्टी तर दुसरा हेकट.

पण लेथ एकट्याने चालत नाही. म्हणून दोघे रोज सकाळी यायचे, समोरासमोर बसायचे. काही सांगायचंच झालं तर थोरला छताकडे बघून म्हणायचा, "दोरी झिजलीय." धाकटा हातातल्या पटाशीला सांगायचा, "उद्या आणू." ज्याच्या कामावर दोघांच्या चुली पेटायच्या तो फर्निचरवाला हे बघून हसायचा. "तुमच्यात मुका कोण आणि बहिरा कोण ते एकदा ठरवा बाबांनो. निदान कुणाशी बोलायचं ते तरी मला कळेल."

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. दोरी हातात असलेल्या माणसाला सगळं कळतं. लाकडात गाठ आली की दोरी अडखळायची आणि थोरला आपसूक ओढ सैल करायचा. धाकटा घरी भांडून आला असेल तर पटाशी दाबून बसायची, दोरी जड लागायची. त्याची मुलगी आजारी होती तेव्हा तर सबंध दिवस पटाशी लाकडाला नुसती शिवत होती. थोरल्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं, "जाऊन ये त्यांच्याकडे. घरात कुणाचं तरी बरं दिसत नाही."

"भाऊजी बोलले?" बायकोने आशेने विचारलं.

"बोलतोय कशाला."

मग एकदा फर्निचरवाला आला तो हसला नाही. नव्या इमारतींच्या जिन्यांचं काम त्याला मिळालं होतं. ढीगभर दांडे हवे होते, सगळे जुळ्या भावांसारखे. "दोरीवर हे व्हायचं नाही," तो म्हणाला. "विजेचं मशीन घ्या. नाही घेतलंत तर मला दुसरा कातारी बघावा लागेल. आणि एका खुर्चीच्या पायामागे चार हात कशाला? खुर्ची आहे का हत्ती?"

धाकट्याने पटाशीची धार बोटाने चाचपली. मग म्हणाला, "आणा."

थोरल्याच्या मुठीत दोरी तशीच होती. त्याला कुणी काही विचारलं नाही. विचारणार तरी कसं?

घरी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली. "मशीन आल्यावर तुम्ही काय करणार?"

"मशीनला दोरी नसते."

"म्हणजे घरी बसणार? त्यांना विचारा की सरळ, माझी जागा काय म्हणून."

"कुणाला विचारू?"

"भिंतीला विचारा," ती चिडून म्हणाली. "इतकी वर्षं तिच्याशीच तर बोलताय."

मशीन आलं तेव्हा ते टेम्पोतून उतरवायला चार माणसं कमी पडली. पाचवा थोरला लागला. बिडाचं ते धूड त्याने सगळ्यांत जड बाजूने धरलं. आत आल्यावर प्रश्न पडला, ठेवायचं कुठे? विजेचा बोर्ड होता थोरल्याच्या बसायच्या जागेमागे. तिथले खुंट काढायला हवे होते. धाकटा पहार हातात घेऊन नुसता उभा राहिला. थोरल्याने पुढे होऊन पहार त्याच्या हातातून घेतली आणि खुंट स्वतः उपटले. त्याच्या टाचांनी जमिनीत पडलेले दोन खड्डे मशीनखाली झाकले गेले.

दुसऱ्या दिवशीही तो नेहमीच्या वेळेला आला. आत बसायला जागा नव्हती, म्हणून दारात उभा राहिला.

धाकट्याने बटण दाबलं. लाकूड असं फिरायला लागलं की त्याच्या कडाच दिसेनात. त्याने पटाशी लावली, ढलप्या उडाल्या, दांडा झाला. मशीन थांबवून त्यावरून बोट फिरवलं तर सगळीकडे वळ्या. शेतात नांगर फिरवावा तशा. दुसरा केला, तसाच झाला. पटाशीला पुन्हा धार लावली, मशीन सरळ केलं, पाचर ठोकली. तिसराही तसाच.

थोरल्याला दारातून लख्ख दिसत होतं. धाकट्याचा हात उचलला जात होता. लाकूड आता एकाच दिशेने फिरत होतं, माघारी जातच नव्हतं, पण हात जन्माच्या तालावर केसभर उचलायचा आणि पुन्हा टेकायचा. धाकट्याला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. आपला श्वास कुणाला ऐकू येतो?

थोरल्याच्या मनात आलं, जमत नाहीये. मशीन परत जाईल. खुंट पुन्हा पुरता येतील, मीच पुरीन. तो दाराच्या चौकटीला टेकून सुखाने उभा राहिला.

संध्याकाळी धाकट्याची बायको थोरल्याच्या घरी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. "भाऊजी, हे जेवत नाहीत. फर्निचरवाला शनिवारी माल न्यायला येतोय आणि एक दांडा धड नाही. तुम्हाला काही दिसत असेल तर सांगा ना. त्यांचा हात तुम्हालाच ठाऊक आहे."

ती गेल्यावर बायको म्हणाली, "सांगू नका. आपल्याच हाताने पायावर धोंडा कशाला?"

"सांगणार नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धाकटा रागाने कातत होता. राग आला की तो पटाशी दाबतो, हे थोरल्याला हातात दोरी नसतानाही कळलं. हात उचलला, टेकला, आणि टेकताना पटाशीचं टोक लाकडात रुतलं. दांडा फाटला. त्याचा तुकडा उडून धाकट्याच्या भुवईवर बसला. तो मागे कोलमडला, भिंतीने त्याला धरलं. रक्त डोळ्यात उतरलं. बोटभर खाली बसला असता तर डोळा गेला असता.

थोरल्याने आत जाऊन बटण बंद केलं. खांद्यावरचं फडकं धाकट्याच्या कपाळावर दाबून धरलं. धाकट्याने ते हातात घेतलं आणि त्याचा हात बाजूला केला, हळूच. मग तसाच उठला आणि नवं लाकूड मशीनवर चढवायला लागला.

थोरला भुशाकडे बघत बोलला. मग वर बघून, भावाकडे बघून, पुन्हा तेच बोलला.

"हात उचलू नकोस. लाकूड आता माघारी फिरत नाही."

धाकटा थांबला. आपल्या मनगटाकडे त्याने एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. बटण दाबलं, डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरलं आणि पटाशी टेकवली ती टोकापर्यंत उचललीच नाही. ढलपी तुटली नाही. लांबच लांब रिबिनीसारखी निघून त्याच्या पायांवर पडत राहिली. दांडा आरशासारखा निघाला.

"बरं," धाकटा म्हणाला.

थोरला आणखी काही येईल म्हणून थांबला. धाकट्याने पुढचं लाकूड चढवलं. त्यानंतर आणखी एक. शनिवार जवळ आला होता. ढीग वाढत गेला तशी दारातली उभं राहायची जागाही त्याखाली गेली, तेव्हा थोरला तिथून निघाला.

आता तो शेजारच्या वखारीत ओझी वाहतो. दोरी ओढून त्याचे खांदे रुंद झालेत, त्यामुळे काम मिळायला अडचण आली नाही. मुठींतले घट्टे जाऊन मानेवर नवे आलेत. मागे धाकट्याला ताप येऊन तो आठवडाभर अंथरुणात होता, हे थोरल्याला वखारीच्या मालकाकडून कळलं, तेही ताप उतरल्यावर.

धाकट्याच्या दुकानात लाकूड थोरल्याच्याच खांद्यावरून जातं. आता दोघे बोलतात.

"कुठे टाकू?"

"भिंतीशी."

"जरा ओलं आहे."

"चालेल."

मशीनच्या आवाजात हे मोठ्याने बोलावं लागतं. मग थोरला मानेवरचा भुसा झटकतो आणि पुढची खेप आणायला जातो.