वाजवून फेडलेलं कर्ज

"ओरडून मागितलंत ना? मग आता वाजवून घ्या," असं म्हणून वहिनींनी सावकाराच्या हातावर नोटा ठेवल्या, पितळी थाळी कमरेशी धरली आणि लाटण्याचा असा एक टोला हाणला, की भिंगारचे कावळे त्या दिवशी मुक्काम हलवून नगरला गेले. काष्टीच्या बाजारात बैलांनी दावी तोडली म्हणतात. तुम्ही म्हणाल, काष्टी कुठे, भिंगार कुठे. बैलांना विचारा. मला खोटं बोलून काय मिळायचं आहे?

वहिनी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. नवरा लष्कराच्या वर्कशॉपात फिटर, म्हणून सारी गल्ली त्याला फिटर म्हणे. नावं दोघांनाही होती, पण ती रेशनकार्डापुरती.

फिटरच्या लेखी उधारी म्हणजे इभ्रत. "ज्याला कुनी उधार देत न्हाई, त्यो मानूस कसला?" हे त्याचं ब्रह्मवाक्य. पगाराच्या दिवशी बाजारातल्या दुकानादुकानाला रामराम करत तो घरी यायचा, आणि घर येईपर्यंत खिशात नुसता रामराम उरायचा. वहिनीही काही कमी नव्हत्या. बोहारीण, कासार, कल्हईवाला, कोणीही त्यांच्या दारावरून विन्मुख गेला नाही. एकदा तर या जोडप्याने सगळी गल्ली ट्रकमध्ये भरून शिर्डीला नेली. ट्रकचं भाडं त्यांचं, हारफुलं त्यांची, पेढे त्यांचे. आम्हीही गेलो होतो. पेढे उत्तम होते.

परत आल्यावर कळलं, त्या ट्रकपायी वहिनींच्या आईच्या पाटल्या सावकाराकडे गहाण पडल्या होत्या. आईची तेवढीच खूण. येत्या दिवाळीच्या पाडव्यापर्यंत सुटल्या तर सुटल्या, नाहीतर बुडाल्या.

सावकाराची वसुलीची रीत तुम्ही पाहायला हवी होती. गल्लीच्या तोंडाशी छत्री टेकायची आणि कर्जदाराचं नाव, बापाचं नाव आणि आकडा एका दमात ओरडायचा. निम्म्या गल्लीला त्याचं देणं होतं, आम्हालाही. छत्रीचं टोक दिसलं की गल्लीतले यच्चयावत शूर पुरुष मागच्या दाराने नाल्याकडे निघायचे. लष्कराला इतकी शिस्तीत माघार कधी जमली नाही.

एका महिन्यात मात्र सावकार फिटरच्या आकड्यावर थांबला नाही. बायकोचं सोनं गहाण टाकून देवदर्शन करणारे, असंही ओरडला. फिटर नाल्याकडून परत आला तेव्हा वहिनी उंबऱ्यावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या, थाळी घासत होत्या.

आणि पुढच्या पगाराला ती थाळी वाजली.

आपल्याकडे थाळी वाजते ती घरात मूल जन्मलं की. त्यामुळे कोपऱ्यावरची सुईण पदर खोचत धावली, कोणी साखर घेऊन आलं, कोणी बाळंतविडा काढायला पेटीत शिरलं. सुईणीने धापा टाकत विचारलं, "काय झालं गं?"

"हप्ता झाला," वहिनी म्हणाल्या. "सुखरूप हाय."

त्या दिवसापासून त्यांच्या घरचं राज्य बदललं. पैशाच्या डब्याला कुलूप लागलं. किल्ली एक महिना वहिनींच्या कमरेला, एक महिना फिटरच्या गळ्यात, जानव्यासारखी. ज्याच्याकडे किल्ली नाही, त्याने ओट्यावर बसून मागायचं आणि दुसऱ्याने उलटतपासणी घ्यायची. सिनेमाचं तिकीट काढायची गरज पडू नये, असा खटला रंगायचा. वहिनींना हळदीकुंकवासाठी बांगड्या हव्या होत्या, तर फिटरने विचारलं, "आधीच्या फुटल्यात का, का नुसत्या जुन्या झाल्यात?" वहिनींनी त्याचा सूड पुढच्या महिन्यात फिटरच्या कॅन्टीनच्या चहावर उगवला. किल्ली हातात आली की हा उधळ्या माणूस असा चिक्कू व्हायचा की कंदिलाची वात त्याला बघून आपणहून खाली जायची.

गंमत म्हणजे थाळीचा उपयोग वहिनींनाही पुरता ठाऊक नव्हता, तो पुढे कळला. पूर्वी सावकार हप्ता घ्यायचा आणि महिन्याने म्हणायचा, ते व्याजात गेले, किंवा कुठले पैसे? आता हप्ता दिल्याला सारी गल्ली साक्षीदार. पोरंसोरंही सांगू लागली, फिटरचा कितवा झाला आणि किती राहिले.

मग दुष्काळ पडला. रेशनवर मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी आली. भाकरी थापली तर तिचीच ढाल करावी, अशी. हळदीकुंकू बंद झालं, चहा बंद झाला, थाळी बंद झाली नाही. दिवाळी दोन पगारांवर आली, शेवटचे दोन हप्ते उरले, आणि एका संध्याकाळी सावकार स्वतः फिटरच्या ओट्यावर येऊन बसला. छत्री मिटलेली, आवाज लोण्यासारखा. म्हणाला, एवढं वाजवणं थांबवा, बाजारात हसतात लोक. पैसे गुपचूप मागच्या दाराने आणून द्या, एक हप्ता मी सोडून देतो.

दुष्काळात एक हप्ता म्हणजे महिन्याचं धान्य. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, कारण त्या महिन्यात किल्ली त्याच्या गळ्यात होती. आम्ही आमच्या दाराआडून बघत होतो. हा माणूस भिडेपोटी कोणालाही हो म्हणायचा, त्याच्यापायीच पाटल्या गेल्या होत्या.

फिटरने किल्ली दोनदा चाचपली.

"मागच्या दारानं दिलेलं पुढच्या दारी कोन कबूल करतंय, शेठ?" तो म्हणाला. "सूट न्हाई पायजे. दोन्ही घ्या. आन उभ्यानं घ्या, गल्लीत."

वहिनी उठल्या. आत गेल्या आणि बंद पडलेला चहा त्यांनी त्या दिवशी केला. फिटरसाठी. सावकाराला विचारलंसुद्धा नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटचा हप्ता झाला. पाटल्या हातात आल्यावर वहिनींनी लाटणं नवऱ्यापुढे धरलं. वर्कशॉपात घण चालवणारा हात तो. पहिल्याच टोल्याला थाळीत असा खड्डा पडला की त्यात वाटीभर आमटी मावावी. पुढे वहिनी पाहुण्यांना वाढायला तीच थाळी काढायच्या, आणि आमटी बरोबर त्या खड्ड्यातच वाढायच्या.

वर्षभराने फिटरची बदली झाली. सामान हातगाडीवर चढलं, खड्ड्याची थाळी सगळ्यात वर, पालथी. वहिनींनी निरोपाला फार वेळ लावला नाही. आमच्या भिंतीवर टांगलेल्या पितळी थाळीकडे बघत माझ्या बायकोला एवढंच म्हणाल्या, "भिंतीवरची थाळी शोभेला नसती, ताई."

त्यानंतरच्या पहिल्या वसुलीला सावकार आला. गल्लीच्या तोंडाशी ओरडला नाही. आमच्या दाराशी येऊन हळूच खोकला. सवयीने मी मागच्या दाराकडे वळलो, तर बायको वाटेत उभी. तिच्या एका हातात नोटा होत्या. दुसरा हात भिंतीवरच्या थाळीकडे गेला होता.

"पुढच्या दारानं," ती म्हणाली.