गंजीतली दोन पिल्लं

“माय कुठं गेलेली नसती, आपण इथं उभं हाव म्हणून येईना,” असं सांडू सापडलेल्या पिल्लांभोवती जमलेल्या माणसांना सांगायचा.

वनखात्यात तीस वर्षं मजुरी केली, पण एका जागी बसणं त्याला कधी जमलं नाही. जेवतानाही भाकरी हातात घेऊन दारात उभा. रझाकारांच्या दिवसांत आईनं त्याला उभ्या ज्वारीत लपवलं होतं. ताटांच्या फटीतून बांधावरच्या माणसांचे पाय दिसत होते. ते हटेपर्यंत आई परतली नव्हती. ती वाट पाहणं त्याच्या अंगात राहून गेलं.

शहाऐंशीच्या फाल्गुनात पडेगावच्या आप्पासाहेबांचा निरोप आला. कडब्याची गंजी उचलताना बिबट्याची दोन पिल्लं सापडली होती. सांडू सायकल हाणत गेला. पिल्लं दुरडीत, चुलीजवळ. दृष्ट लागू नये म्हणून आप्पासाहेबांच्या पत्नी वच्छलाबाईंनी दोघांच्या कपाळाला काजळाची तीट लावलेली.

“बिबट्या नाय मालक, रानमांजर हाय. शेतातले उंदीर कोण खातं मग?”

“आम्हाला वाटलं, वनखातं खातं,” आप्पासाहेब म्हणाले.

वच्छलाबाई वाटी घेऊन आल्या. “गाईचं दूध पाजते. लई उपाशी हायेत लेकरं.”

सांडूनं वाटी बाजूला सारली. मागं असंच एक पिल्लू त्यानं घरी नेलं होतं. त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, त्याला गाईचं दूध पाजलं, पदराखाली निजवलं. नवव्या दिवशी ते गेलं. आपण ते वाचवलं नव्हतं, चोरलं होतं, हे त्याला फार उशिरा कळलं.

“नको, वहिनीसाहेब. माय येईल.”

गाडीत भरलेल्या पेंढ्या उतरवून त्यानं त्याच जागी रचल्या, आत पिल्लं ठेवली आणि सगळ्यांना घरी पिटाळलं. स्वतः मात्र लिंबाआड थांबला. कुत्री येतील, असं त्यानं मनाला सांगितलं. खरं म्हणजे इतक्या वर्षांत पिल्लांची आई परतताना त्यानं एकदाही पाहिली नव्हती.

ऊन कललं. तो बसला, उठला, बिडी पेटवली, विझवली. पिल्लं आधी ओरडत होती, मग त्यांचे आवाज बारीक झाले. एवढ्यात बांधावरच्या गवतात दोन कान दिसले, टोकाला काळे. ते लिंबाकडंच वळलेले होते. सांडूनं श्वास रोखला. कान खाली गेले. पुन्हा वर आले. पुढं मात्र सरकेनात. गंजीत एक पिल्लू ओरडलं.

सांडूला बांधावरचे ते पाय आठवले. मग त्यानं स्वतःच्या पायांकडं पाहिलं.

चपला हातात घेऊन तो हलकेच मागं सरला.

“आली का रे?” आप्पासाहेबांनी फाटकाशी विचारलं.

सांडूनं सायकल धरली आणि मागं न पाहता तो रस्त्याला लागला.