वाढत्या अंगाचं माप

हिमायतनगरच्या अलीकडे फाट्यावरून आत गेलं की जे गाव लागतं, तिथे करीमचाचांचं शिवणाचं दुकान आहे. त्यांनी शिवलेला गणवेश अंगात नीट बसला आहे, असं मूल गावात कुणी पाहिलेलं नाही. पहिलीतल्या पोराची चड्डी गुडघ्याखाली उतरलेली, सदऱ्याच्या बाह्या बोटांच्याही पुढे. आई कुरकुरली की चाचा तोंडातली टाचणी काढून म्हणायचे, "पोरगं हाय, उद्या वाढंल. आज बेतशीर शिवलं तर दिवाळीला पुन्हा मलाच शिव्या देशील." शिवाय पुढे उसवून वाढवता यावं म्हणून आतून दोन बोटं माया सोडलेली असायची, ती वेगळीच. लोक नावं ठेवायचे आणि पुन्हा त्यांच्याकडेच यायचे, कारण तो गणवेश पाठच्या भावालाही पुरायचा.

ह्याच माणसाला मोहल्ल्याने आणि गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून शाळेचा अध्यक्ष केलं. शाळा त्यांच्याच वर्गणीतून उभी राहिलेली, सातवीपर्यंतची. चाचांची नात अलीझा सातवीत होती. तिचा बाप सद्दाम वाईट माणूस नव्हे, पण त्याने एक ठरवून टाकलं होतं. "आठवी गावात आली तर शिकू दे. बसनं रोज हिमायतनगरला मी पाठवणार न्हाई." त्यामुळे आठवीचा वर्ग आणायचाच, असं चाचांच्या मनाने घेतलं.

परवानगी मागितली तर वरून निरोप आला, शाळेने आधी स्वतःचं मूल्यमापन ऑनलाइन भरावं. प्रत्येक बाबीला पहिली, दुसरी किंवा तिसरी पातळी द्यायची, तिसरी सगळ्यांत चांगली. मग पथक येऊन पडताळून पाहील. नेमक्या तेव्हा मुख्याध्यापिका मंजुश्रीबाई प्रशिक्षणाला नांदेडला गेलेल्या आणि मुदत तर संपत आलेली. चाचांनी समितीतले शेतकरी सदस्य श्रीमंतराव यांना शेजारी बसवलं, मोबाइल हातभर लांब धरला आणि शाळेचं माप घेतलं.

बाई परतल्या आणि भरलेलं वाचून खुर्चीत टेकल्या.

"चाचा, ग्रंथालयाला तिसरी पातळी? आपल्याकडे एक कपाट आहे, तेही अर्धं."

"जूनपर्यंत भरंल की, बाई."

"आणि मैदान?"

"श्रीमंतरावाचं वावर हाय न बाजूला."

"त्यात हरभरा आहे."

"निघाला की मैदानच हाय ते," श्रीमंतराव उदारपणे म्हणाले.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांना तशी सवयच नव्हती. "चाचा, शाळा आज कशी आहे, ते विचारलंय त्यांनी."

चाचांना खरंच उमजेना. "वाढत्या शाळेला आजच्यापुरतं कोण मोजतं, बाई?"

मग बाईंनी समजावलं. भरलेलं आता बदलता येत नव्हतं आणि पडताळणीत ते खोटं ठरलं तर आठवीचा अर्ज बाद होणार होता. चाचा दुकानात गेले. त्या दिवशी त्यांनी एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच लावल्या.

"कपाटाची किल्ली हरवली म्हणून सांगू," श्रीमंतरावांनी संध्याकाळी तोड काढली.

"अन् हरभरा?"

"त्याचं जरा अवघड हाय," श्रीमंतराव म्हणाले.

पथक आलं. प्रमुख संगमेश साहेब उदगीरकडचे, कमी बोलणारे. ते सरळ कपाटाकडेच निघाले, तसे चाचा मधे आले. गळ्यातला टेप काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

"साहेब, ते उघडायच्या आधी माझं ऐका. माप म्या घेतलं, बाई गावात नव्हत्या. लई ढगळ झालंय."

"म्हणजे खोटं भरलं?"

"खोटं न्हाई, साहेब. पुढच्या वर्षीचं भरलं."

श्रीमंतराव मागून खाकरले. "मैदानाचंबी तसंच हाय. पंधरा दिवसांनी आला असता तर दिसलं असतं."

साहेबांनी हातातल्या कागदात तोंड घातलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग ते सातवीच्या वर्गात शिरले. तिथल्या भिंतीवर प्रत्येक मुलाने आपापली पट्टी लावलेली होती. काय जमतं, काय अजून अडतं, हे ज्याचं त्याने लिहायचं, ही बाईंची पद्धत. अलीझाच्या पट्टीवर होतं, भागाकार जमतो, टक्केवारी अडते, चित्रकला जमणार नाही असं वाटतं.

साहेबांनी तिला भागाकार घातला. तिने झटकन सोडवला. टक्केवारी घातली, तर ती मध्यावर थांबली आणि शांतपणे म्हणाली, "लिहिलंय की सर, तिथं."

आणखी तिघाचौघांना विचारून झालं. जिथे जमतं लिहिलं होतं तिथे जमत होतं, जिथे अडतं लिहिलं होतं तिथे अडत होतं. चाचा दारात उभे राहून टेपची गुंडाळी करत होते, सोडत होते.

"अध्यक्ष," साहेब म्हणाले, "ह्या पोरांना स्वतःचं माप घेता येतं. तुम्हालाच येत नाही."

"पोरांना बाईंनी शिकवलं. मला उशीर झाला," चाचा म्हणाले.

साहेबांनी तिथेच बसून ग्रंथालय खाली आणलं, मैदान तर तळाला नेलं. आपणहून सांगितलं म्हणून अर्ज मात्र बाद केला नाही. मुलांच्या शिकण्याला त्यांनी तिसरी पातळी ठेवली आणि एका वर्षापुरती आठवीची शिफारस लिहिली. वर्षानंतर पुन्हा पडताळणी होणार होती.

"तोवर हरभरा दुसरीकडं पेरा," जाताना ते श्रीमंतरावांना म्हणाले.

"तूर चालंल का?" श्रीमंतरावांनी विचारलं.

जूनच्या आधी परवानगी आली. सद्दाम बापाला म्हणाला, "अब्बा, जिंकला तुम्ही." आणि स्वतःच आठवीच्या गणवेशाचं कापड घेऊन आला.

अलीझा दुकानात आजोबांपुढे ताठ उभी राहिली. "दादा, आज का माप लेव. कल का नक्को."

चाचांनी माप घेतलं. शिवून आणलेला गणवेश तिला इतका बेतशीर बसला, की चाचांना बरं नाही की काय, म्हणून शेजारपाजारच्या बाया विचारून गेल्या. शाळेच्या पहिल्या दिवशी अलीझाने सहज बाहीची कड उलटून पाहिली. आत चार बोटं माया होती.